घाट, वारा आणि विजेत्यांची यादी

राजोडीकडे सायकलने जाणाऱ्याला भौतिकशास्त्राचा एक धडा पुस्तक न उघडता मिळतो. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, अरबी समुद्राच्या काठी वसलेले हे गाव. रस्ता जवळजवळ सपाट. तरीही दुपारी समुद्राच्या दिशेने निघालो की खारा वारा छातीवर येतो आणि पायडल जड होते. परतताना तोच वारा पाठीशी असतो आणि सायकल आपोआप पळते. जाताना जेवढे गमावले तेवढे येताना मिळाले, असा मुलांचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे. तो का चुकतो ते समजले, की सायकल शर्यतींचा निम्मा इतिहास समजतो.

हा विषय निघाला तो एका विद्यार्थ्याच्या प्रश्नावरून. सायकलच्या शास्त्राविषयी बोलताना आम्ही स्वित्झर्लंडच्या काही विजेत्यांची नावे फळ्यावर लिहिली होती. महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाहूनही किंचित लहान असा हा देश. दहावीतला एक मुलगा म्हणाला, "सर, त्यांच्याकडे डोंगर आहेत म्हणून ते जिंकतात, असे म्हणावे, तर घाट आपल्याकडेही आहेत. मग आपले नाव यादीत का नाही?" प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्यूरिक, १९४६

सुरुवात १९४६ सालापासून करू. दुसऱ्या महायुद्धामुळे बंद पडलेली रस्त्यावरील सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९३८ नंतर प्रथमच त्या वर्षी भरली, ती स्वित्झर्लंडमधील ज्यूरिक येथे. व्यावसायिक स्पर्धकांची शर्यत हान्स क्नेख्त या स्विस सायकलपटूने आपल्याच देशातल्या प्रेक्षकांसमोर जिंकली. बेल्जियमचे मार्सेल किंट आणि रिक व्हान स्टीनबर्गन हे नाणावलेले वीर त्याच्या मागे राहिले.

याच ज्यूरिकच्या स्पर्धेत भारताचे पथक प्रथमच जागतिक स्पर्धेत उतरले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. त्यामागे दोन माणसे होती. एक लाहोरचे जानकीदास. १९३८ साली सिडनी येथे झालेल्या ब्रिटिश साम्राज्य क्रीडा स्पर्धेत ते एकमेव भारतीय सायकलपटू होते. जुने हिंदी चित्रपट पाहणाऱ्यांना हे जानकीदास चरित्र अभिनेते म्हणून आठवतील. दुसरे मुंबईचे सोराब भूत. या दोघांनी १९४६ मध्ये सायकलपटूंची राष्ट्रीय संघटना उभी केली. पुढे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे सायकलपटू उतरले. त्यांत जहांगू अमीन, रुसी मुल्ला फिरोज अशी मुंबईच्या पारशी समाजातील नावे ठळक होती. १९५२ साली हेलसिंकीला आणि १९६४ साली टोकियोलाही आपले सायकलपटू गेले. मात्र १९६४ नंतर, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत, एकाही ऑलिंपिकमध्ये भारताचा सायकलपटू दिसला नाही.

म्हणजे १९४६ साली एकाच गावात स्विस आणि भारतीय दोघेही होते. पुढच्या पाच वर्षांत काय झाले पाहा. १९५० साली ह्युगो कोब्लेट याने इटलीची 'जिरो' शर्यत जिंकली. तोवर इटलीबाहेरच्या कोणालाही ती जिंकता आली नव्हती. त्याच वर्षी फर्डी क्युब्लर याने 'टूर द फ्रान्स' जिंकली. १९५१ साली 'टूर' कोब्लेटने आणि जागतिक अजिंक्यपद क्युब्लरने मिळवले. त्या वेळी स्वित्झर्लंडची लोकसंख्या पन्नास लाखांहूनही कमी होती.

हे कशामुळे घडले? तीन गोष्टींकडे पाहावे लागते. त्या म्हणजे हवा, चढ आणि यादी.

हवेशी झुंज

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराचा मुख्य शत्रू म्हणजे हवा. हवेचा रोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो पार करण्यासाठी लागणारी शक्ती, वारा नसताना, वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वाकून बसलेल्या स्वाराला ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना केवळ हवेसाठी सुमारे ३३ वॅट शक्ती लागते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ४० केला की ती आठपट, सुमारे २६० वॅट होते.

आता राजोडीच्या रस्त्यावर या. आपण ताशी २० किलोमीटरने जात आहोत आणि समोरून तितक्याच वेगाचा वारा आहे. हवेच्या दृष्टीने आपला वेग ४० झाला. रोध चौपट झाला आणि हवेसाठी लागणारी शक्तीही चौपट, कारण रस्त्यावरचा आपला वेग २० च आहे. तेवढी शक्ती पायांत नसेल तर वेग कमी होतो. समजा, तो १० वर आला आणि परतताना वाऱ्यामुळे ३० झाला. १० किलोमीटर जायला एक तास आणि यायला २० मिनिटे. वीस किलोमीटरला ८० मिनिटे, म्हणजे सरासरी ताशी १५ किलोमीटर. वारा नसता तर हेच अंतर ६० मिनिटांत झाले असते. मंद वेगाच्या टप्प्यात आपण जास्त वेळ असतो, म्हणून तिथला तोटा नंतर भरून निघत नाही. मुलांचा हिशेब चुकतो तो इथे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण घाटात ती पुन्हा भेटेल.

हवेचे हे गणित ज्यांना लवकर उमगले त्यांत ऑस्कर एग हा स्विस सायकलपटू होता. एका तासात जास्तीत जास्त किती अंतर कापता येते, हा सायकलपटूंचा जुना विक्रम. १८९३ साली फ्रान्सच्या आंरी देग्रांज याने पॅरिसच्या धावपट्टीवर ३५.३२५ किलोमीटरची नोंद केली. हाच देग्रांज पुढे १९०३ साली सुरू झालेल्या 'टूर द फ्रान्स'चा जनक. एग आणि फ्रान्सचा मार्सेल बर्थे यांच्यात या विक्रमासाठी चढाओढ लागली आणि १८ जून १९१४ रोजी एगने ४४.२४७ किलोमीटर अंतर कापले. हा विक्रम १९ वर्षे टिकला.

विद्यार्थ्यांना येथे एक उदाहरण घालावे. ४४.२४७ ला ३५.३२५ ने भागा आणि आलेल्या संख्येचा घन करा. उत्तर १.९६ च्या आसपास येते. म्हणजे बसण्याची ढब आणि सायकल तीच असती, तर एगला देग्रांजच्या जवळजवळ दुप्पट शक्ती लागली असती. ८० वर्षांनी, १९९४ साली, टोनी रोमिंगर या दुसऱ्या स्विस सायकलपटूने बोर्दो येथे एका तासात ५५.२९१ किलोमीटर अंतर कापले. एगच्या अंतराशी तुलना केली तर पुन्हा तोच आकडा, १.९५. शंभर वर्षांत माणसाचे पाय चौपट बळकट झालेले नाहीत. वाढीचा मोठा भाग हवेला कमी छाती दाखवण्यातून आला. वाकलेली पाठ, जवळ घेतलेले हात, घट्ट कपडे आणि सायकलचा आकार यांचे ते फळ.

आकाराचे महत्त्व किती, हे १९३३ साली दिसले. फ्रान्सच्या फ्रान्सिस फोर याने पाठीवर रेलून चालवायच्या सायकलवर बसून एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि एगचा विक्रम ओलांडला. लगेच वाद उठला. ही सायकल म्हणायची का? १९३४ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशी वाहने विक्रमाच्या बाहेर ठेवली. मोजमाप कशाचे करायचे, माणसाचे की यंत्राचे, हा प्रश्न विज्ञानातही वारंवार येतो. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम आपण मुलांना शिकवतो, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

रस्त्यावरच्या शर्यतीत हवेशी लढण्याचा आणखी एक मार्ग असतो, तो म्हणजे दुसऱ्याच्या मागे राहणे. पुढच्या सायकलच्या अगदी मागे राहिले तर हवेचा रोध साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश कमी होतो. म्हणून स्पर्धक थव्याने जातात आणि एकट्याने पुढे पळणारा बहुधा पकडला जातो. १९५१ च्या 'टूर'मध्ये ब्रीव्ह ते आजां या १७७ किलोमीटरच्या टप्प्यात कोब्लेट सुमारे १३५ किलोमीटर एकटाच पुढे राहिला आणि मागे आळीपाळीने जोर लावणाऱ्या नामवंतांच्या थव्याला अडीच मिनिटांनी हरवून गेला. वरील गणित ठाऊक असलेल्याला या कामगिरीचे मोल अधिक कळेल.

चढाची किंमत

आता घाटाकडे वळू. चढावर वेग कमी असतो, त्यामुळे हवेचा त्रास कमी होतो. तिथे खरी गाठ वजनाशी असते. आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. मुंबई–पुणे सायकल शर्यत ही महाराष्ट्रातील जुन्या शर्यतींपैकी एक. १९४० च्या दशकापासून, मध्ये काही खंड पडत, ती होत आली आहे. या शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळतो. 'टूर द फ्रान्स'मध्येही डोंगरांचा राजा निवडतात.

खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत ढोबळमानाने ५०० मीटर उंची चढावी लागते. स्वार ७० किलो आणि सायकल १० किलो धरली, तर केवळ उंची गाठण्यासाठी लागणारी ऊर्जा ८० × ९.८ × ५००, म्हणजे ३,९२,००० जूल. हा चढ २५ मिनिटांत संपवायचा तर सुमारे २६० वॅट शक्ती सतत द्यावी लागते. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरला हवेसाठी लागणाऱ्या शक्तीएवढीच ही झाली! ४० मिनिटे घेतली तर सुमारे १६३ वॅट पुरतात. सायकल १० ऐवजी २० किलोची असेल, जशी आपली दूधवाल्याची काळी सायकल असते, तर प्रत्येक वेळी साडेबारा टक्के ऊर्जा जास्त मोजावी लागते.

पण वजनाहूनही मोठी अडचण दात्यांची. समजा, साध्या सायकलच्या पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते आहेत. पायडलच्या एका फेरीत चाक सुमारे अडीच वेळा फिरते आणि सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे ठीक. घाटात ताशी १५ किलोमीटर वेग ठेवायचा तर मिनिटाला ४६ च फेऱ्या होतात. शक्ती तेवढीच हवी आणि फेऱ्या कमी, म्हणजे प्रत्येक फेरीत जोर जास्त. गुडघे भरून येतात आणि शेवटी माणूस उतरून सायकल ढकलू लागतो. त्याऐवजी एका फेरीत तीन मीटरच्या आसपास पुढे नेणारी जोडी असेल, तर त्याच वेगाला मिनिटाला ८० च्या आसपास फेऱ्या होतात आणि पाय टिकतात. गिअर शक्ती निर्माण करीत नाही. आहे ती शक्ती पायांना झेपेल अशा बेताने वाटून देतो.

ही सोय शर्यतीत सहज आली नाही. सायकल अवघड असावी, म्हणजे माणसाची परीक्षा होते, असे देग्रांजचे मत होते. त्यामुळे 'टूर'मधील स्पर्धकांना बराच काळ चालत्या सायकलवर गिअर बदलण्याची मुभा नव्हती. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना निरनिराळ्या दात्यांची चक्रे असत. घाटाच्या पायथ्याशी स्पर्धक खाली उतरे, चाक काढून उलटे बसवी आणि पुन्हा निघे. माथ्यावर पुन्हा तेच. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे डिरेलरला, 'टूर'मध्ये १९३७ साली परवानगी मिळाली. त्या काळात गाजलेल्या डिरेलरांपैकी एक होता 'सुपर चँपियन' आणि तो तयार करणारा होता आपला ओळखीचा ऑस्कर एग. तासाचा विक्रम करणारा सायकलपटू निवृत्तीनंतर यंत्रे बनवू लागला होता.

घाट चढताना गमावलेला वेळ उतारावर भरून का काढत नाहीत, असे मुले विचारतात. राजोडीच्या वाऱ्याचे गणित इथे लागू पडते. चढावर वेळ फार जातो, उतारावर थोडाच असतो, त्यामुळे वाचवण्यासारखे फारसे उरत नाही. शिवाय उताराचा वेग जिवावर बेततो. जून २०२३ मध्ये स्विस सायकलपटू जिनो मेडर 'टूर द स्विस'मध्ये आल्बुला घाट उतरताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी दगावला. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक स्पर्धा पुन्हा ज्यूरिकला भरली, तेव्हा कनिष्ठ मुलींच्या शर्यतीत म्युरिएल फुरर ही १८ वर्षांची स्विस मुलगी जंगलातल्या रस्त्यावर पडली. तीही वाचू शकली नाही. विजेत्यांच्या इतिहासात ही नावेही घ्यायला हवीत.

यादी कशी बनते?

हवा आणि चढ सर्वांना सारखेच. मग यादीत फरक का पडतो?

रस्त्यावरच्या शर्यतीतील वेळ हे चांगले मोजमाप नव्हे. रस्ता वेगळा, वारा वेगळा, दिवस वेगळा. यंदाच्या वेळेची गेल्या वर्षीच्या वेळेशी तुलना करणे फोल असते. त्यावर सोपा उपाय म्हणजे सर्वांना एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच वाऱ्यात उतरवणे. कोण आधी पोहोचला तेवढे पाहायचे. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा म्हणजे दर वर्षी पुन्हा केलेला हा प्रयोग आहे. स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या विजेत्याला पांढऱ्या क्रुसाचा लाल सदरा मिळतो आणि पुढचे वर्षभर रस्त्यावरच्या शर्यतींत तो हा सदरा घालून उतरतो.

क्युब्लरने हा मान पाच वेळा मिळवला, १९४८ ते १९५१ अशी सलग चार वर्षे आणि पुन्हा १९५४ साली. कोब्लेटला तो १९५५ साली मिळाला, म्हणजे 'टूर' जिंकल्यानंतर चार वर्षांनी. घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत २००८ आणि २०१६ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारा फाबियान कान्चेलारा रस्त्यावरच्या शर्यतीचा राष्ट्रीय विजेता झाला तो २००९ आणि २०११ साली. या प्रयोगाचा फायदा असा की त्यात मोठी नावे आपोआप जिंकत नाहीत आणि नवी नावे दडून राहत नाहीत. महायुद्धाच्या काळातही तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये शर्यती बऱ्याच अंशी चालू होत्या. क्युब्लरने 'टूर द स्विस' प्रथम जिंकली ती १९४२ साली. १९४६ ला ज्यूरिकमध्ये शिट्टी वाजली तेव्हा स्विस सायकलपटू अनेक वर्षे अशा तुलनेतून तावून निघालेले होते. आपली राष्ट्रीय संघटना मात्र त्याच वर्षी जन्मली होती.

म्हणून 'डोंगर आहेत म्हणून' हे उत्तर अपुरे पडते. बोरघाट आपल्याकडे होता, पायही होते. वर्षानुवर्षे, खालच्या पातळीपासून होणारी तुलना उशिरा सुरू झाली आणि ती खालपर्यंत पोहोचली नाही. आज राष्ट्रीय रोड सायकलिंग स्पर्धा होतात. पण शाळेच्या क्रीडा महोत्सवात काय असते ते आठवा. धावण्याची शर्यत वेगाची असते. सायकलची मात्र असते 'स्लो सायकलिंग'! जो सर्वांत हळू जाईल तो पहिला. तोल सांभाळण्याची ती उत्तम परीक्षा आहे, यात शंका नाही. पण त्यातून वेगवान पोर कधीच सापडायचे नाही.

पाय आहेत याचे पुरावे अधूनमधून मिळतात. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. हे सारे पेशाने डॉक्टर आणि प्रौढ वयात या खेळाकडे वळलेले. स्वित्झर्लंडची मार्लेन रॉयसर हीदेखील डॉक्टर. तीही शर्यतींत उशिराच उतरली. पण तिच्या देशात वर्षानुवर्षाची तुलना तयार होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिला घड्याळाविरुद्धच्या शर्यतीचे रौप्यपदक मिळाले आणि २०२५ साली किगाली येथे त्याच प्रकारात ती जगज्जेती झाली.

शाळेत काय करता येईल?

शिक्षकांनी पुढील उपक्रम करून पाहावा. वर्दळ नसलेला, सपाट असा एक किलोमीटरचा रस्ता निवडावा. दोन्ही टोकांना शिक्षक उभे असावेत आणि डोक्यावर हेल्मेट असल्याशिवाय कोणाला सोडू नये. प्रत्येकाने जाताना आणि येताना लागलेला वेळ वेगळा नोंदवावा. वाऱ्याची दिशा एका काठीला बांधलेल्या कापडाच्या पट्टीवरून टिपावी. प्रत्येक सायकलचे पुढचे-मागचे दाते मोजून वहीत लिहावेत. नंतर एकच सायकल सर्वांना आळीपाळीने देऊन पुन्हा वेळ घ्यावी. माणसामुळे पडणारा फरक आणि सायकलमुळे पडणारा फरक वेगळा करता येतो, हे मुलांना स्वतःच्या आकड्यांतून दिसेल. आणि ही वही पुढच्या वर्षी टाकून देऊ नये. त्याच महिन्यात, त्याच रस्त्यावर हा प्रयोग पुन्हा करावा.

ह्युगो कोब्लेट हा ज्यूरिकमधल्या एका बेकरीवाल्याचा मुलगा होता. पाव पोहोचवताना त्याचे पाय सायकलवर बसले. वसई भागात आजही पहाटे सायकलची घंटी वाजवत पाववाला येतो. समोरून वारा असतो, मागे पावाचे ओझे असते आणि पोरगा ठरल्या वेळी प्रत्येक दारी हजर होतो. त्याची वेळ आजवर कोणी घड्याळ लावून पाहिलेली नाही. त्या दहावीतल्या मुलाला आम्ही दिलेले उत्तर हेच होते. पुढच्या रविवारी तो घड्याळ आणि वही घेऊन आला.